तळाखालची वस्ती

जिवतीच्या पठारावरून समुद्र कुठल्याच बाजूला दिसत नाही. पश्चिमेचा किनारा गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो, पूर्वेचा गाठायचा तर तेलंगण आणि आंध्र. इथल्या पावसाला मात्र वाट ठाऊक आहे. ओढ्यांतून तो पैनगंगेला आणि वर्धेला मिळतो, पुढे प्राणहितेला, सिरोंच्याजवळ गोदावरीला आणि अखेर बंगालच्या उपसागराला. उलट दिशेनं, समुद्राकडून जिवतीला येणाऱ्या गोष्टीही कमी नाहीत. कृषी केंद्रात रचून ठेवलेली पोटॅशची गोणी घ्या. कपाशीला घालायचं हे खत आपल्याकडे जवळपास सगळंच बाहेरून आणावं लागतं; कॅनडा, रशिया, बेलारूस, इस्राएल, जॉर्डन अशा देशांतून ते जहाजांत भरून निघतं. भारताचा परदेशी व्यापार मालाच्या आकारमानानं मोजला, तर त्यातला ९५ टक्के जहाजांवरूनच होतो.

त्या गोणीच्या किमतीत ट्रकचं भाडं असतं, हमाली असते, रेल्वेचं आणि जहाजाचं भाडं असतं. जहाजाच्या भाड्यात मोठा वाटा इंधनाचा. आणि त्या इंधनातला काही हिस्सा जळतो तो मालासाठी नाही, तर जहाजाच्या तळाला चिकटून फुकट प्रवास करणाऱ्या जीवांपायी. त्यांना तिथून हलवायचं कसं, हा प्रश्न माणूस जहाजं बांधायला लागला तेव्हापासूनचा आहे. या प्रकरणात त्याचं सर्वांत ताजं उत्तर पाहायचं आहे: जहाजाच्या अंगावरून पाण्याखाली फिरणारे सफाई-रोबो. पण रोबोकडे जाण्याआधी त्या वस्तीकडे नीट पाहायला हवं. ती कशी बसते ते कळल्याशिवाय रोबो असा का बनवला, तेही कळत नाही.

स्वच्छ, गुळगुळीत पत्रा समुद्रात सोडला की पहिल्या काही मिनिटांतच पाण्यात विरघळलेले सेंद्रिय रेणू त्यावर बसतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. काही तासांत जिवाणू येतात, चिकट द्रव सोडतात आणि त्यातच घर करतात. दोन-चार दिवसांत डायटम नावाचं एकपेशीय शैवाल त्यात मिसळतं आणि पत्रा हाताला बुळबुळीत लागू लागतो. पावसाळ्यात नदीघाटाच्या पायऱ्यांवर पाय घसरतो तो अशाच थरावरून. त्यानंतर येतात हिरव्या शेवाळाचे बीजाणू, नळीतले किडे, शिंपले आणि या सगळ्यांतला सर्वांत हट्टी पाहुणा, बार्नेकल.

बार्नेकल दिसायला शिंपल्याचा भाऊ वाटतो, पण नात्यानं तो खेकड्या-कोळंबीच्या कुळातला. डार्विननं उत्क्रांतीवरचं पुस्तक लिहिण्याआधी आयुष्यातली आठ वर्षं या प्राण्याच्या अभ्यासात घालवली होती. त्याचं पिल्लू आधी पाण्यात तरंगत, खात, कात टाकत वाढतं. शेवटच्या अवस्थेत ते खाणं बंद करतं आणि त्याचं एकच काम उरतं, जागा शोधणं. दोन चिमुकल्या स्पर्शिकांवर चालत ते पृष्ठभाग चाचपतं, नाही आवडला तर सोडून देतं, आवडला की डोक्याच्या बाजूनं एक सिमेंट सोडून कायमचं चिकटतं. मग भोवती चुन्याच्या तटबंदीसारख्या पट्ट्या उभारतं आणि जन्मभर पाय हलवत पाण्यातलं अन्न ओढत बसतं. एका जागी रुतलेल्या प्राण्याला जोडीदार हाताच्या अंतरावरच हवा, म्हणून हे पिल्लू आधीच बसलेल्या जातभाईंच्या प्रथिनांचा माग काढत त्यांच्या शेजारीच बसू पाहतं. तळावर चार बार्नेकल बसले की चाळीस व्हायला वेळ का लागत नाही, याचं उत्तर इथे आहे.

आपल्या किनाऱ्यावर या अभ्यासाला चांगली परंपरा आहे, आणि ती फारशी कुणाला ठाऊक नाही याचं वाईट वाटतं. १९५३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत एक रासायनिक आणि धातुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. तिथे ए. ए. करंदे आणि त्यांचे सहकारी मुंबईच्या पाण्यातल्या बार्नेकलांचा आणि गोदीत वाढणाऱ्या इतर जीवांचा अभ्यास करत होते. हीच प्रयोगशाळा पुढे अंबरनाथला गेली आणि आज नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा म्हणून संरक्षण संशोधन संस्थेखाली काम करते. जहाजांच्या तळाचे रंग हा तिच्या कामाचा एक भाग. दुसरं ठिकाण गोव्यातलं, दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत ए. सी. अनिल आणि सहकाऱ्यांनी बार्नेकलची पिल्लं प्रयोगशाळेत वाढवली, पाण्याचं तापमान आणि अन्न बदललं की ती किती दिवसांत बसायला तयार होतात ते तपासलं. इंग्लंड-अमेरिकेचे ठोकताळे इथे जसेच्या तसे चालत नाहीत. आपलं पाणी बारमाही कोमट, त्यामुळे वस्तीला थंडीची सुट्टी नाही. पण पावसाळ्यात खाड्यांमधला खारटपणा एकदम उतरतो आणि त्यासरशी कोण जगतं, कोण मरतं याचं गणितच पालटतं.

एवढ्याशा जीवांनी लाखभर टनांच्या जहाजाला काय फरक पडतो? फरक घर्षणाचा आहे. जहाज चालतं तेव्हा तळाला लागून असलेला पाण्याचा पातळ थर त्याच्याबरोबर ओढला जातो. तळ गुळगुळीत असेल तर हा थर पातळ राहतो; खरखरीत झाला की तो जाड होतो, त्यात भोवरे उठतात आणि त्यांना फिरवत ठेवण्याची ताकद इंजिनालाच द्यावी लागते. संथ चालणाऱ्या मोठ्या मालवाहू जहाजाची बहुतेक शक्ती या घर्षणावरच खर्च होते. अमेरिकी नौदल अकादमीतल्या मायकेल शुल्ट्झ यांनी २००७ मध्ये एका जातीच्या फ्रिगेटसाठी हिशेब मांडला. ताशी १५ सागरी मैलांचा वेग टिकवायला नुसता हलका बुळबुळीत थर असला तरी ११ टक्के जास्त शक्ती लागते, जाड थर असेल तर २१ टक्के, आणि चुनखडी कवचांची दाट वस्ती असेल तर तब्बल ८६ टक्के.

यातला शेवटचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. माझ्या मते लक्षात ठेवायचा तो पहिला. बार्नेकल दिसतो, बोचतो, म्हणून त्याच्याविरुद्ध सगळे उठतात. बुळबुळीत थराकडे कुणी बघत नाही. समजा एखादं जहाज दिवसाला ३० टन इंधन जाळतं. दहा टक्के म्हणजे रोजचे तीन टन, तेही तळावर अजून एकही कवच उगवलेलं नसताना. शिवाय बहुतेक जहाजं आपला जास्तीत जास्त काळ याच अवस्थेत काढतात. २०११ मध्ये शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलाच्या एकाच वर्गाच्या विनाशिकांचा खर्च काढला, तो वर्षाला सुमारे ५.६ कोटी डॉलर निघाला. जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी जवळपास तीन टक्के जहाजांच्या धुराड्यांतून निघतात, हे लक्षात घेतलं की हा प्रश्न जहाजमालकाच्या खिशापुरता राहत नाही.

आपल्या पूर्वजांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण घाणेरडा तळ म्हणजे मंद गलबत हे पक्कं ठाऊक होतं. पाठलाग करायचा किंवा पळ काढायचा तर तळ साफ हवाच. विजयदुर्गापासून जवळ, वाघोटन खाडीत गिर्ये गावाच्या हद्दीत कातळ फोडून तयार केलेली मराठ्यांची गोदी आहे, सुमारे १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. गलबतं बांधायची आणि दुरुस्त करायची ती इथे. लाकडी जहाज उघड्यावर घेतलं की ऊनच अर्धं काम करतं. तळावरचे जीव सुकून मरतात, उरलेले खरवडता येतात, मग तेल आणि चुन्याचा लेप चढवायचा. कोकणातल्या मच्छीमारांच्या होड्यांचं तंत्र आजही फारसं वेगळं नाही. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या आणि ट्रॉलर वर ओढले जातात, तळ खरवडला जातो, रंगवला जातो. त्यांना रोबोची गरज नाही आणि परवडणारही नाही.

लाकडी जहाजांना याहून भयंकर शत्रू होता तो लाकूड पोखरणारा सागरी किडा. तो मात्र खरोखर शिंपल्याच्याच कुळातला. इथे सागवानाचा मोठा उपयोग झाला. आलापल्लीच्या सागवानाचा गडचिरोलीला अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. मात्र मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी जी जहाजं बांधली, त्यांचं सागवान प्रामुख्यानं मलबारचं होतं. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. सागवानानं किड्याला दाद दिली नाही. पण बार्नेकलला लाकूड खायचं नसतं, त्याला फक्त बसायला जागा हवी असते. त्याच्यापुढे सागवानही हरलं.

त्यावरचा उपाय तांब्याचा. ब्रिटिश नौदलानं १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. किडा थांबला, बार्नेकलही बसेनात. फक्त तांब्याच्या संगतीनं खाऱ्या पाण्यात लोखंडी खिळे झपाट्यानं गंजू लागले. ती भानगड निस्तरल्यावर हळूहळू सगळं आरमार तांब्यानं मढवलं गेलं. पुढची गंमत १८२४ ची. तांबं समुद्रात झिजतं, तेव्हा ते वाचवायचा उपाय नौदलानं हम्फ्री डेव्ही या थोर रसायनतज्ज्ञाकडे मागितला. त्यानं तांब्याला लोखंडाचे तुकडे जोडले. आता तांब्याऐवजी लोखंड झिजू लागलं. विज्ञान शंभर टक्के बरोबर निघालं. आणि जहाजं तळाला शेवाळ आणि बार्नेकल घेऊन परतली! तांबं झिजून पाण्यात थोडंथोडं विरघळत होतं, म्हणूनच ते विषारी होतं. झिजणं थांबलं तसं तळाचं संरक्षणही थांबलं. तळाचा रंग टिकाऊ असावा ही अपेक्षा इथे उलटी पडते. आजचे बहुतेक तळरंगही मुद्दाम हळूहळू झिजतील असेच बनवलेले असतात, आणि बहुतेकांत तांबंच असतं.

मधल्या काळात एक जास्त जहाल उपाय आला. १९६० च्या दशकापासून कथिलाचं एक सेंद्रिय संयुग, ट्रायब्युटिल टिन, रंगात मिसळू लागले. जहाजवाल्यांना ते वरदान वाटलं. वर्षानुवर्षं तळ साफ राहायचा. मग फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात कालवांची पैदास कोसळली, कवचं वेडीवाकडी वाढू लागली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटू लागली. पाण्याच्या अब्ज भागांत एखादा भागही नको, इतक्या क्षुल्लक प्रमाणात हे विष काम करत होतं. १९८२ मध्ये फ्रान्सनं लहान नौकांवर बंदी घातली. जगभरची बंदी यायला मात्र २००१ चा करार आणि तो अमलात येईपर्यंत सप्टेंबर २००८ उजाडला.

ही परदेशातली गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. १९९९ मध्ये विश्वकिरण आणि अनिल या गोव्याच्या संशोधकांनी भारतीय पाण्यातली अशीच नोंद प्रसिद्ध केली. ज्या शंखाच्या माद्यांमध्ये नराची इंद्रियं आढळली, त्या जातीचं शास्त्रीय नाव क्रोनिया कोंकणेन्सिस. कोकणाचं नाव लावणारा हा जीव, आणि त्यानं दुष्परिणाम भोगले ते लांबून आलेल्या जहाजांच्या रंगाचे. पुढे २००४ मध्ये दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतलेच ना. बा. भोसले आणि सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या पाण्यात, बुळबुळीत थरात, प्राण्यांत आणि गाळात या कथिल संयुगांचा माग काढला. गाळात एकदा बसलेलं विष लवकर हटत नाही, म्हणून बंदर खोल करायला गाळ उपसतानाही हा जुना हिशेब पुन्हा वर येऊ शकतो.

जहाल रंग गेला आणि घासण्याला पुन्हा महत्त्व आलं. मोठ्या जहाजाच्या तळाची पाच वर्षांत दोनदा तपासणी होते आणि एरवी ते सुक्या गोदीत चढवणं ही महाग आणि वेळखाऊ गोष्ट असते. मुंबईत १९१४ पासूनची ह्यूज सुकी गोदी आहे, नौदलानं २०१९ मध्ये विमानवाहू जहाज मावेल अशी २८१ मीटर लांबीची नवी सुकी गोदी सुरू केली; पण गोद्या मोजक्या आणि जहाजं अगणित. म्हणून मधल्या काळात तरंगत्या जहाजाखाली पाणबुडे उतरतात आणि फिरत्या ब्रशांनी तळ घासतात.

हे काम सोपं नाही. मुंबईच्या बंदरात पाण्याखाली स्वतःचा हातही धड दिसत नाही. भरती-ओहोटीचा ओढा जोरदार असतो. जहाजाचे पंप समुद्राचं पाणी आत खेचत असतात, पंखा चुकून फिरला तर माणूस संपला. त्यासाठी सगळी यंत्रं कुलूपबंद केल्याची लेखी खात्री करूनच पाणबुड्याला खाली सोडायचं असतं. ब्रश कडक असावा लागतो, कारण पाणबुड्याला बोलावलं जातं तेच मुळी बार्नेकल घट्ट बसल्यावर. कडक ब्रशानं बार्नेकलबरोबर रंगाची सालही निघते, तांब्याचा लोट पाण्यात उसळतो, आणि खरवडलेल्या जागी पुढची वस्ती अधिक लवकर बसते. म्हणजे एकदा जोरात घासलं की पुढच्या वेळी लवकर घासावं लागतं.

आणि निघालेला मळ कुठे जातो? बंदराच्या तळाशी. त्यातले काही जीव जिवंत असतात, काही अंडी सोडण्याच्या बेतात असतात. काळ्या पट्ट्यांचा एक छोटा शिंपला, मायटिलॉप्सिस सॅली, मूळचा कॅरिबियन समुद्राच्या बाजूचा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो विशाखापट्टणमच्या बंदरात सापडला. करंदे आणि मेनन यांनी १९७५ मध्ये त्याच्यावर लेख लिहिला, तेव्हा त्याला भारतीय बंदरांतला नवा स्थलांतरित म्हटलं होतं. मुंबईच्या बंदिस्त गोद्यांमध्येही तो ठाण मांडून बसला. दाटीवाटीनं एकावर एक चढत तो मूळच्या जीवांना जागाच ठेवत नाही. हाच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या नौकातळांत दिसला, तेव्हा तिथल्या सरकारनं नौकातळ बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, होतं नव्हतं ते सगळं मारलं आणि त्याचा निर्वंश केला. आपल्याकडे ती वेळ कधीच निघून गेली होती. त्यामुळे कित्येक बंदरं आता अट घालतात: तळ घासायचा तर निघालेला कचरा जागीच गोळा करा, नाहीतर आमच्या पाण्यात घासू नका.

रोबोचा प्रवेश या अडचणीतून झाला. पण आलेले रोबो एका जातीचे नाहीत, आणि ‘स्वयंचलित’ हा शब्द त्यांच्या बाबतीत जाहिरातवाले जरा सैल हातानं वापरतात, हे आधीच सांगून ठेवतो.

एक जात पाणबुड्याची जागा घेणारी. दुबईतून २०१३ मध्ये सुरू झालेल्या हलवायपर कंपनीचं यंत्र ब्रशाऐवजी समुद्राच्याच पाण्याचे जोरदार फवारे मारतं आणि निघालेला कचरा शोषून गाळणीत घेतं. वर बसलेला माणूस ते केबलमधून चालवतो. माणूस पाण्याबाहेर आला, कचरा पाण्याबाहेर आला, एवढाही बदल छोटा नाही. नॉर्वेच्या शिपशेव्ह कंपनीनं वेगळीच वाट काढली. त्यांचं यंत्र डेकवरच्या रहाटाला बांधून चालत्या जहाजाच्या कुशीला सोडतात. वाहत्या पाण्याचाच दाब ते तळाला चिकटवून ठेवतो आणि जहाज बंदरात न थांबता घासलं जातं.

दुसऱ्या जातीचा विचारच निराळा आहे, आणि मला खरी क्रांती तिथे दिसते. फ्लोरिडा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जेफ्री स्वेन आणि सहकारी अनेक वर्षं एक साधी कल्पना तपासत होते: वस्ती बसल्यावर उपटायची कशाला? बुळबुळीत थर नुकता जमू लागलाय तेव्हाच मऊ ब्रश फिरवा, आठवड्यागणिक फिरवा. पहिल्याच पायरीवर सगळं पुसलं गेलं तर बार्नेकलला स्थिर होण्याइतका अवकाशच मिळत नाही. मऊ ब्रशानं रंग खरवडत नाही, तांब्याचा लोट उठत नाही आणि निघतो तो थर पातळ असतो. अमेरिकी नौदलाच्या संशोधन विभागाच्या पैशांवर सी-रोबोटिक्स कंपनीनं याच कल्पनेसाठी हलबग नावाचा तळावर सरपटणारा रोबो तयार केला. पण दर आठवड्याला पाणबुडे कोण उतरवणार? हे काम माणसाच्या हातून होण्यासारखं नाहीच. कंटाळवाणं, वारंवार करायचं, तेही चालू वेळापत्रकात. हे काम यंत्रानंच करावं.

२०२० मध्ये नॉर्वेच्या योटुन या रंग कंपनीनं हलस्केटर आणला तो याच तत्त्वावर. सुमारे २०० किलोंचा, चुंबकी चाकांचा हा रोबो जहाजावरच मुक्कामाला असतो. बंदरात नांगर पडला की तो कुशीवरून खाली सोडायचा, त्याची दोरी वर धरलेली, आणि किनाऱ्यावरच्या कार्यालयात बसलेला चालक मोबाइलच्या फोरजी जाळ्यावरून त्याला फिरवतो. रंग विकणाऱ्या कंपनीनं घासणारं यंत्रही विकावं, हा योगायोग नाही. रंग किती मऊ, ब्रश किती मऊ आणि फेऱ्या किती, हे एकत्रच ठरवावं लागतं. २०२२ मध्ये पुढे आलेल्या आर्माक रोबोटिक्सचा प्रयत्न आणखी पुढचा, चालकाशिवाय तळाची सफाई करण्याचा.

चालक काढून टाकणं इतकं अवघड का? ऑक्टोबर २०२४ मध्ये सागर डिफेन्स इंजिनिअरिंगची ‘मातंगी’ ही मनुष्यविरहित नौका मुंबईहून तूतिकोरिनकडे निघाली, तिला वाट दाखवायला आकाशात उपग्रह होते. तळाखालचा रोबो एक मीटर खाली गेला की उपग्रह संपले. खारं पाणी रेडिओलहरी गिळून टाकतं. होकायंत्र? डोक्यावर हजारो टन पोलाद असताना सुई काय सांगणार! कॅमेरा? मुंबई-हुगळीसारख्या गढूळ पाण्यात त्याला दोन वितीपलीकडे दिसत नाही. मग उरतात ती अंदाजानं चालायची साधनं. चाकं किती फिरली यावरून अंतर काढता येतं, पण बुळबुळीत थरावर चाक घसरतं आणि हिशेब चुकतो. पाण्याच्या दाबावरून खोली अचूक कळते, त्यामुळे जहाजाच्या उभ्या कुशीवर वर-खालीचा पत्ता पक्का लागतो. मात्र सपाट तळाखाली सगळीकडे खोली सारखीच, तिथे दाब काहीच सांगत नाही. मग गतिमापक, ध्वनिलहरी आणि पत्र्यांच्या जोडांवरचे वेल्डिंगचे उंचवटे यांची सांगड घालत रोबो स्वतःचा नकाशा बनवत जातो. त्यात चूक झाली तर मधे एखादी पट्टी राहून जाते आणि तीन आठवड्यांनी नेमक्या त्या पट्टीवर बार्नेकल उगवलेले असतात.

चिकटून राहणं हाही प्रश्नच. पोलादी जहाजावर चुंबक उत्तम. फायबरच्या ट्रॉलरवर किंवा सुरुंग शोधणाऱ्या बिनलोखंडी नौकांवर चुंबकाचा उपयोग नाही. तिथे पंख्यानं पाणी खेचून स्वतःला दाबून धरणारे रोबो लागतात.

आपल्याकडे या क्षेत्रात काय चाललंय? आयआयटी मद्रासमधून २०१५ मध्ये निघालेली प्लॅनिस टेक्नॉलॉजीज आणि कोचीची आयरोव्ह यांनी पाण्याखाली जाऊन पाहणारे रोबो बनवले आहेत. बंदरांचे खांब, धरणांच्या भिंती, जहाजांचे तळ ते तपासतात. त्यांचं काम मुख्यतः पाहण्याचं, घासण्याचं नाही. तरी पाहणं ही अर्धी लढाई आहे, कारण तळ किती खराब झालाय हे कळल्याशिवाय कधी घासायचं ते ठरत नाही. भारतात पाणबुड्याची मजुरी स्वस्त असल्यानं मजुरी वाचवण्यासाठी इथे कुणी रोबो घेणार नाही, असा एक सूर ऐकू येतो. हा हिशेब अपुरा वाटतो. रोबो वाचवतो ते इंधन, आणि इंधन मुंबईतही स्वस्त नसतं. शिवाय जानेवारी २०२३ पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नियमांनी मोठ्या जहाजांना त्यांच्या कार्बन उत्सर्जनाप्रमाणे दरवर्षी श्रेणी मिळू लागली आहे. घाणेरड्या तळाचं जहाज आपोआप खालच्या श्रेणीत सरकतं.

तळावरून जिवांची आयात-निर्यात होऊ नये म्हणून याच संघटनेनं २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्या सुधारल्या. सूचना पाळणं ऐच्छिक होतं. एप्रिल २०२५ मध्ये बंधनकारक चौकट तयार करण्याचं काम हाती घ्यायचं ठरलं. न्यूझीलंडनं एवढी वाट पाहिली नाही. २०१८ पासून तिथे तळ स्वच्छ असल्याचं दाखवल्याशिवाय जहाजाला मोकळा प्रवेश नाही.

या नियमांपुढे रोबोची एक दुबळी बाजू उघडी पडते. जहाजाचा पाण्याखालचा भाग म्हणजे नुसत्या सपाट भिंती नव्हेत. समुद्राचं पाणी आत घेण्याच्या जाळीआडच्या पेट्या असतात, सुकाणूच्या बिजागऱ्यांतल्या फटी असतात, पंख्याचा दांडा, बाजूला सरकवणाऱ्या पंख्यांचे बोगदे, आणि गोदीत ठोकळ्यांवर टेकल्यामुळे रंग न लागलेल्या पट्ट्या असतात. जगातल्या जहाजांचं ओलं क्षेत्रफळ मोजलं तर असे कोनेकोपरे त्यात सुमारे एक दशांश भरतात. इंधनाच्या दृष्टीनं त्यांना फारसं महत्त्व नाही, म्हणून मालकांचं दुर्लक्ष. पण पाण्याचा मारा न लागणाऱ्या त्या आडोशातच परक्या जाती सुखानं प्रवास करतात. चाकांवर फिरणारा रोबो कुशीवरून ऐटीत जातो आणि जाळीपाशी येऊन थांबतो. आत त्याचा ब्रश पोचत नाही. तिथे अजून खरवडणी घेतलेला पाणबुड्याच उतरतो, मुंबईत आणि ऑकलंडमध्येही.